अकरा हजार तीनशे ब्याण्णव

गणपती उठले की नाकतोड्यांचा हंगाम.
हसमुखभाई पहाटे विश्वामित्रीच्या काठी गवतात जाळी फिरवतो
आणि आठ वाजता लोणच्याच्या बरणीत
बारा-पंधरा हिरवे जीव माझ्या टेबलावर ठेवतो.
'बधा नर ज छे,' म्हणतो, 'जोई लो.'
बत्तीस वर्षं मी हेच प्रॅक्टिकल घेते.

पोट उघडायचं. पिवळसर नळ्यांचा झुबका उचलायचा.
लाल रंगाचा थेंब, वर काच,
मग टिपकागदावरून अंगठ्याचा दाब,
सरळ. जरा सरकलात की दिवस वाया.

ध्रुवी पांचाळच्या काचेवर आज सगळं दिसलं:
अकरा जोड्या,
कुठे फुली, कुठे कडं, कुठे आठाचा आकडा,
आणि कडेला एक एकटं,
ज्याला जोडीदारच नाही,
इतरांहून गडद.

गाठ दिसतेय तिथे अदलाबदल झालीय, मी सांगते.
आईकडचा धागा तुटला, बापाकडचा तुटला,
याचं टोक त्याला, त्याचं याला.
आता सुटतील ते आलेले नव्हेत.
आपल्याकडे अंतरपाट आधी, जोडी नंतर.
इथे आधी मिठी,
मग मधोमध रांग,
मग एक इकडे, एक तिकडे.
कोण कुठल्या बाजूला, ते भटजी सांगत नाही.
कुणीच सांगत नाही.

माणसाच्या तेवीस जोड्या. फळ्यावर
दोनाला दोननं गुणत जायचं, तेवीसदा.
त्र्याऐंशी लाख अठ्ठ्याऐंशी हजार सहाशे आठ.
एका बाईच्या बीजांच्या इतक्या तऱ्हा,
त्याही गाठी न मोजता.

हा आकडा कॉलेजात पहिल्यांदा काढला
तेव्हा धावत रावपुऱ्यात नानांकडे गेले.
आईचे वडील. चष्मा पुसत म्हणाले,
'म्हणजे चौऱ्याऐंशी लाख योनी. लिहूनच ठेवलंय.'
मी वजाबाकी केली:
अकरा हजार तीनशे ब्याण्णव कमी पडतात, नाना.
'तेवढे मोक्षाला गेले असतील.'

माई तेव्हा डभोईला, भावाकडे.
एकोणीस वर्षं ती नानांशी बोलली नव्हती.
कार्याला दोघं दोन पंगतींत बसायची.
कारण आईलाही ठाऊक नव्हतं,
किंवा होतं.

पण त्याआधी, खूप आधी,
आई माईच्या पोटात होती तेव्हाच,
त्या इवल्या पोटातल्या बीजांत
नानांचा धागा माईच्या धाग्याशेजारी आला,
गुंतला, तुकडे देऊन-घेऊन
तिथेच थांबला.
आई जन्मली. टायफॉइडमधून उठली. टायपिंग शिकली.
घरातलं बोलणं आधी कमी, मग बंद झालं.
माई पत्र्याची ट्रंक घेऊन
प्रतापनगरहून छोट्या गाडीत बसली.
आणि आईच्या आत ही दोघं
मिठी न सोडता बसलेली,
सव्वीस वर्षं.

मग एका महिन्यात एक बीज जागं झालं.
निम्मं माझ्यासाठी ठेवलं,
निम्मं एका बारक्या थेंबात घालून टाकून दिलं.
त्यात काय होतं कोण जाणे.
कदाचित नानांचा विनोद.

बाबांकडून कोट्यवधी निघाले, एक पोचला.
गुणाकार पुन्हा करा, मी वर्गाला म्हणते.
सत्तर लाख कोटी येतात.
त्या रात्री मांडवीत वीज गेली असती,
शेजारच्यांनी बर्फ मागायला दार वाजवलं असतं,
तर इथे दुसरी कुणी असती.
तिला सुरात गाता आलं असतं. तिनं लग्न केलं असतं.
नाकतोड्यांची तिला किळस आली असती.
तिला मी ओळखत नाही,
तरी कधी बरणी धुताना तिची आठवण येते.

'मॅडम, म्हणजे माझी बहीण गोरी
हा माझा दोष नाही ना?'
ध्रुवीच्या प्रश्नावर वर्ग हसतो. ती हसत नाही.
नाही, मी म्हणते, तिचाही नाही.

तास संपत आला. वह्या तपासते.
ध्रुवीच्या आकृतीत अकरा जोड्या, नीट, टोकदार पेन्सिलनं.
'एकटं राहिलं गं तुझं.'
ती जीभ चावते,
आणि काढते,
जरा मोठंच.